खोटी पोच

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आज सांगतोय, आणि पहिलं वाक्य लिहितानाच जरा मोकळं वाटतंय — हेही कबूल करतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रत्नागिरीत आमच्या कार्यालयात कॉम्प्युटर आला. टेलिफोनच्या तारेवरून तो मुंबईच्या कॉम्प्युटरशी बोलायचा — म्हणजे तिथला प्रोग्रॅम आणि मी लिहिलेला इथला प्रोग्रॅम. लोकांना नवल वाटे. मी म्हणायचो, नवल कसलं? एसटीने आंब्याची पेटी मुंबईला पाठवतो, 'पोचली' असं कार्ड येतं, मग आपण निर्धास्त होतो. तसंच हे. मुंबईहून निरोप येणार, इथे तो डिस्कवर उतरणार, मग माझा प्रोग्रॅम पोच देणार. पोच नाही मिळाली, तर मुंबई तोच निरोप पुन्हा पाठवणार.

आता — कसं सांगू? हे सगळं फार सावकाश चालायचं. साहेब माझ्याकडे बघत बसायचे. मला शाबासकीची घाई. मी प्रोग्रॅममधल्या दोन ओळी उलट्या केल्या: आधी पोच, मग उतरवून घेणं. पेटी उघडायच्या आधीच कार्ड टाकायचं. काम झपाझप होऊ लागलं, साहेबांनी पाठ थोपटली, आणि मी हवेत.

एका दुपारी वीज गेली. नेमकी पोच दिल्यावर, निरोप उतरायच्या आधी. निरोप तातडीचा होता. उत्तर गेलं नाही आणि साहेबांना वरून बोलणी बसली. मुंबईवाले म्हणाले, तुमच्या यंत्राने पोच दिली आहे. मग निरोप गेला कुठे? त्या दुपारी यंत्रापाशी मंदाताई होत्या — माझ्याहून मोठ्या, टायपिंग सोडून नुकत्याच या कामाला आलेल्या.

"अरे, मी कशाला हात पण नाही रे लावला. तू तरी सांग साहेबांना."

मला तेव्हाच सगळं कळलं होतं. आणि मी काय म्हणालो?

"यंत्र कसं खोटं बोलेल, ताई?"

निरोप ताईंनीच पुसला असं ठरलं आणि त्यांची बदली खेडला झाली. मुलगी शाळेत, सासूबाई अंथरुणावर, आणि ताई आठवडाभर तिकडे, घरी फक्त रविवारी. मी त्या दोन ओळी गुपचूप सरळ केल्या. साहेबांना काही बोललो नाही. भ्यालो, दुसरं काय?

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. नात लॅपटॉप घेऊन बसली होती. ताई हसत तिला म्हणाल्या, "जपून गो. माझ्या हातून एकदा मुंबईचा निरोप पुसला गेला होता."

त्यांना ते आता खरंच वाटतं. माझं खोटं त्यांनी इतकी वर्षं स्वतःची चूक म्हणून सांभाळलंय. मी कोकम सरबत कसंबसं संपवलं.

हा कागद उद्या आधी त्यांच्याकडे नेणार आहे. त्या काय म्हणतील ते म्हणोत. आज मात्र छातीवरचा धोंडा उतरलाय.

मंदाताईंनी काही पुसलं नव्हतं. पोच खोटी होती, आणि ती मी लिहिली होती.