बेकार माणसाचे दात

नवऱ्याची नोकरी गेली त्याच आठवड्यात मी इथे नेदरलँड्समध्ये, आल्मेरेच्या क्रिंगलोपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, अमेरिकन मासिकांचा एक गठ्ठा घरी आणला. एकोणीसशे तीसच्या दशकातली, त्यांच्या त्या महामंदीतली मासिकं. रडत बसण्यापेक्षा काहीतरी चाळत बसावं, एवढाच हेतू.

कथा बऱ्या होत्या. जाहिराती वाचून मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका चित्रात खांदे पाडलेला माणूस साहेबाच्या केबिनमधून बाहेर पडतोय. त्याला का काढलं? कारखाने बंद पडले म्हणून? छे! तोंडाला वास येत होता म्हणून. पुढच्या पानावरच्याची दाढी नीट झालेली नव्हती. त्याच्या पुढच्याची कॉलर मळकी. अर्धा देश रस्त्यावर आलेला, आणि ही गुळगुळीत पानं एकेकाला गाठून सांगतायत, दोष तुझाच आहे बाबा, आमची पेस्ट घे. निर्लज्ज कुठले!

तावातावाने ती पानं दाखवायला मी नवऱ्याकडे गेले, तर हा आरशासमोर उभा राहून हसायची प्रॅक्टिस करतोय. आणि मिशी गायब! लग्नाच्या आधीपासूनची मिशी.

कंपनीने अख्खी टीम एका मेलवर घरी बसवली होती. वर मेहेरबानी म्हणून प्रत्येकाला एक करिअर कोच दिला होता. नवऱ्याच्या कोचबाईंचं मत पडलं की हा फोटोत फार गंभीर दिसतो. दात दिसले पाहिजेत, चेहऱ्यावर एनर्जी पाहिजे, मिशीने वय वाढतं.

"अरे, अख्खी टीम गेली ना तुमची?" मी म्हटलं. "त्या सगळ्यांना काय मिश्या होत्या?"

"तुला चेष्टा सुचतेय. इथे राहायच्या परमिटचे तीन महिने आहेत हातात. तेवढ्यात जॉब नाही मिळाला तर गाशा गुंडाळायचा. पोरीची शाळा अर्ध्यावर सुटेल. हसायला माझं काय जातंय?"

मी मासिकं मिटून ठेवली. पण त्या कोचबाई समोर असत्या तर मी त्यांची चांगली खरडपट्टी काढली असती.

पुढे युट्रेख्टच्या एका कंपनीत त्याचे सगळे राउंड पार पडले. प्रत्येक वेळी तो हसत गेला आणि जबडा चोळत परत आला. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. त्याने स्पीकर लावला. कंपनीतल्या बाई अगदी स्वच्छ इंग्रजीत सांगत होत्या, वरून भरतीच थांबवलीय, ती जागाच रद्द झालीय, तुमच्यात काहीही कमी नव्हतं.

"ऐकलंस ना?" मी म्हटलं. "जागाच राहिली नाही. तुझा काय दोष?"

"हो, ऐकलं ना," तो म्हणाला. मग फोन ठेवून जबडा चोळायला लागला. "पण शेवटच्या राउंडला मी जरा कमीच हसलो, नाही का गं?"