रुख्मानं वायर ओढली

आमच्या रुख्माला कोणी 'गरीब गाय' म्हटलं की मला हसू येतं. अवं, गाय असेल तर शिंगवाली! मी तिची मोठी जाऊ, नंदाबाई. एका घरात, एका चुलीवर राहतो आम्ही, म्हणून सांगते. तिचा नवरा कैलाशही तिला माझ्याइतका ओळखत नाही, कारण तो तिच्यासमोर तोंडच उघडत नाही.

सालेकशाकडची पोट्टी ती. जंगलात मोहफुलं वेचत वाढलेली. आमचं गाव आमगावजवळ, धानाचं. लग्नानंतरच्या पहिल्याच रोवणीत धानाच्या बांधीत, चिखलात साप निघाला. आम्ही सगळ्या बाया बोंबलत धुऱ्यावर पळालो, अन् ही तिथंच उभी. "जाय बाप्पा, तुलेबी काम असन, मलेबी हाये," असं त्याला म्हणाली अन् पुन्हा वाकली. तेव्हाच मी समजली, या बाईशी आपलं जमणार.

पण तिचं पहिलं पोर गेलं. नऊ महिने भरलेले, कळा घरीच सुरू झाल्या, गाडी यायला उशीर झाला. दवाखान्यात पोचलो तर पोटातल्या पोराचे ठोके बंद. कधी बंद पडले, काऊन पडले, कोणालाच सांगता आलं नाही. आमच्या सासूनं, सुशिलाबाईनं, मात्र कारण शोधून काढलं. आमच्याकडे बाईला कळा लागल्या की घरात काही बांधलेलं ठेवत नाहीत. पेटीचं कुलूप उघडायचं, ढोरांचे दावे सोडायचे, कोठीचं झाकण काढायचं, बाईचे केस मोकळे करायचे. एक जरी गाठ राहिली तर पोर अडकते म्हणतात. अन् रुख्माच्या कमरेला निघाला तिच्या मायनं बांधलेला काळा धागा. झालं! "गाठ लपवून ठेवली अन् पोर खाल्लं," सासूबाई विहिरीवर बोलल्या, अन् जे विहिरीवर बोललं ते गावभर झालं. कोणाच्या डोहाळजेवणाला रुख्माला बोलावणं बंद. माझ्या अंगाची आग व्हायची. रुख्मा मात्र मान खाली घालत नव्हती. "बाई, मी पोर खाल्लं नाही," एवढंच मला म्हणायची. "एक दिवस आत्याबाईच्याच तोंडून वदवीन."

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ती स्वतः कैलाशला घेऊन गोंदियाला गेली. तिथल्या एका दवाखान्यात टीना मॅडम म्हणून डॉक्टर आहेत. पोटातल्या पोराच्या काळजावर त्यांचं संशोधन सुरू आहे. पोटावर पट्टा बांधायचा, त्याला चपटी डबी, डबीतून पोराच्या ठोक्याचा आवाज मशीनमध्ये येतो. कळा सुरू असताना पोर दमून राहिलं का, ते वेळेवर कळावं म्हणून हा खटाटोप. खेड्यातल्या बायांवर तो पट्टा नीट चालतो का, ते मॅडम पाहून राहिल्या होत्या. रुख्मानं सगळं ऐकून घेतलं अन् नाव दिलं.

मीही जायची सोबत. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मी रडली, खोटं कायले सांगू! शेळीचं पिल्लू अंगणात दुडदुडावं तसा तो आवाज. मॅडमनं रुख्माचं बोट तिच्याच मनगटावर ठेवलं. म्हणाल्या, "देखो, ही तुमची नाडी. बाळाचे ठोके याहून जलद. कधी पट्टा सरकला तर मशीन तुमचाच आवाज पकडते, अन् आम्हालाही वाटतं की बाळ ठीक आहे. कळांमध्ये तर आईचीही नाडी पळते, फरक कळत नाही. मशीनचा ठोका अन् मनगटाचा ठोका सोबत पडला तर लगेच सांगायचं." तेव्हापासून रुख्माला तो नादच लागला. तपासणीला गेली की मनगटावर बोट ठेवून ऐकत बसायची. सासूबाई म्हणायच्या, "डॉक्टरीन झाली मोठी!"

कळा सुरू झाल्या तेव्हा ढगाळ सकाळ होती. सासूबाईनं आधी पेटी उघडली, मग गोठ्यात जाऊन सगळे दावे सोडले. आमच्या म्हशी शेजारच्या दुर्गाप्रसादच्या परसात घुसल्या, त्याच्या शिव्या ऐकतच आम्ही गाडीत बसलो. दवाखान्यात पट्टा बांधला, ठोके छान. आत एकाच बाईला राहू देतात. सासूबाई राहिल्या. दुपारी त्या च्या प्यायला बाहेर आल्या अन् मी आत गेली.

आत पाहते तर रुख्माचे केस सुटलेले, लुगड्याची गाठ सुटलेली, अन् ती मनगट धरून मशीनकडे टक लावून पडलेली. मशीन वाजून राहिली होती, चांगली जोरात.

"बाई, हा आवाज पोराचा नाही. माहा होय."

मी सिस्टरला हाक मारली. ती बिचारी दोन खाटांमध्ये धावून राहिली होती. मशीनकडे पाहून म्हणाली, "ठोके येत आहेत ना? नंबर ठीक आहे. लेटे रहो."

"सिस्टर, माह्या मनगटावर हात ठेवून पाहा. दोन्ही सोबत पडून राहिले."

"अहो, कळांमध्ये असं वाटतं. घाबरू नका."

"मी घाबरून नाही राहिली! टीना मॅडमले बोलवा."

"मॅडम दुसरा पेशंट बघून राहिल्या. येतील." अन् सिस्टर गेली पलीकडच्या खाटेकडे, तिथली बाई किंचाळत होती.

मी म्हणली, मी पळते, मॅडमला शोधते. तेवढ्यात रुख्माला कळ आली. दात खाऊन तिनं ती कळ काढली, अन् एका हातानं खाट धरून, दुसऱ्या हातानं मशीनची वायर खसकन ओढली. उपटलीच! मशीन किंकाळ्या फोडायला लागली. "आता तं येसान!" रुख्मा ओरडली. "चांगल्या आवाजाले कोणी येत नाही, तं घ्या हा आवाज!"

आले, सगळे आले. सिस्टर आली, दोन डॉक्टर आले, मागून टीना मॅडम चपला फटफटवत आल्या. सिस्टर रागावणार तोच रुख्मानं मनगट पुढं केलं. "तो माहा आवाज होता, मॅडम. माह्या लेकराचा शोधा."

मॅडमनं वाद घातला नाही. वायर जोडली, पट्ट्याला हात लावला तर तो बकलातून निघून लोंबत होता. डबी पार बाजूला सरकलेली. त्यांनी ती पोटावर फिरवली, अन् मग सापडला पोराचा आवाज. दुडदुड नाही. ठोका पडे, मग वाट पाहावी लागे, मग दुसरा पडे. मॅडमचा चेहराच उतरला. "ऑपरेशन. अभी," एवढं बोलल्या, रुख्माची कागदावर सही घेतली अन् खाट ढकलायला स्वतः लागल्या.

बाहेर सासूबाई आडव्या आल्या. "पोट काऊन फाडता? ठोके तं चांगले होते!"

"पट्टा कोणी सोडला?" मॅडमनं विचारलं.

"मी सोडला. सोडाच लागते."

रुख्मा खाटेवरून बोलली, "बाजूला व्हा, आत्याबाई. मी सही केली हाये." अन् खाट सासूबाईच्या लुगड्याला घासून पुढं गेली.

दार लागलं. मी सासूबाईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या दिवशी मी काय बोलली असती, देव जाणे. आतून आवाज येईना. कैलाश भिंतीला डोकं टेकून उभा. मग एक बारीकसं कुरकुरणं आलं, अन् मग अशी बोंब ठोकली पोट्टीनं की पूर्ण वऱ्हांड्यानं ऐकली. अगदी मायवर गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्याजवळ बसल्या. या गाठी सोडण्याबद्दल सगळं विचारून घेतलं, रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आणखी काही बायांचे पट्टे असेच ढिले सापडले, अन् आम्ही डबीलाच दोष देत होतो." आता त्या आधीच घरच्या बायांना बसवून समजावतात, की सगळं सोडा, एक हा पट्टा ठेवा.

बारशाला घर भरलं. विहिरीवरच्या सगळ्या बाया आल्या. त्यांच्यात चैतरामची बायको सर्वांत पुढं. रुख्मा पाळण्याजवळ पोरीला मांडीवर घेऊन बसलेली. आमच्याकडे आजी पोरीला पाळण्यात घालते. सासूबाई नवं लुगडं नेसून आल्या अन् त्यांनी हात पुढं केले.

रुख्मानं पोरगी दिली नाही.

"आधी म्हणा, आत्याबाई. पहिलं पोर मी खाल्लं नोतं, म्हणा. मंग घ्या."

गाणं म्हणणाऱ्या बाया थांबल्या. कैलाश दारातून "अवं, आज कायले" म्हणाला, अन् मी त्याला डोळ्यांनीच बाहेर काढला. सासूबाईचे हात तसेच हवेत. मला वाटलं, आता या उठून जातील अन् आमचं घर फुटेल. फुटलं तर फुटू दे, असंही वाटलं.

"नोतं खाल्लं," सासूबाई पुटपुटल्या. डोळ्यांतून पाणी गळून राहिलं होतं. "तिनं पोर खाल्लं नोतं. मी उगाच बोलली."

रुख्माच्याही डोळ्यांत पाणी होतं. पण तिनं पोरीला छातीशी आणखी घट्ट धरलं.

"जोरानं म्हणा, आत्याबाई. मागं बसलेल्या बायाईले आयकू नाही गेलं."