शून्य टाकून पुढे

आमच्या विषतपासणी प्रयोगशाळेत निकाल संगणकावर चढवायचं काम ताईंचं. मी शेजारच्या टेबलावर; माझी जीभ जरा तिखट. ताईंना मात्र कधी बोलले नाही. त्यांच्या कामात चूक शोधून सापडायची नाही.

जुन्या वह्या संगणकात भरायला साहेबांनी एक महिना दिला. स्वतः नुसते डोकावून जायचे, मेले. वहीत निकालाची जागा कोरी असली की तपासणी व्हायची आहे, हे आम्हाला पाठ. पण संगणक कोरी जागा घेईना, तिथेच अडून बसायचा. ताई शून्य टाकून पुढे जायच्या. शून्याचा अर्थ 'विष नाही' होतो, हे त्या घाईत कुणाच्या डोक्यात आलं? माझ्याही नाही. असे एक्केचाळीस नमुने. संगणकात निकाल आहे म्हटल्यावर त्या नमुन्यांच्या बरण्यांना पुन्हा कुणी हात लावला नाही.

अकरा वर्षांनी कपाट आवरताना ती वही निघाली आणि ताई पांढऱ्याफटक पडल्या. "डोळे मिटले की कोऱ्या चौकटी दिसतात गं," म्हणायच्या. चहा ढवळताना एकच नंबर पुटपुटायच्या, सतराशे बारा. लग्नानंतर दोन वर्षांत मेलेल्या मुलीचा नमुना. निकाल शून्य, प्रकरण बंद. बरणी शोधली, तर संगणकाच्याच यादीवरून नष्ट केलेली. यादीखाली सही ताईंची.

"गप्प बसा, नोकरी जाईल," मी म्हटलं. त्याची मला अजून लाज वाटते.

त्यांनी साहेबांना लेखी कळवलं आणि मुलीच्या वडिलांना बोलावून घेतलं. म्हातारे आले, खुर्चीच्या कडेवर टेकले. ताईंनी वही उघडून कोरी जागा दाखवली.

"म्हणजे विष होतं?"

"माहीत नाही, काका. तपासलंच नाही. आता तपासताही येणार नाही. चूक माझी."

बराच वेळ त्यांचं बोट त्या चौकटीवर होतं.

"पोरीनं फोन केला होता," ते म्हणाले. "बाबा, जेवणात काहीतरी घालतात, न्यायला या. मी गेलो नाही. मग तुमचा कागद आला. वाटलं, चला, मनाचे खेळ होते तिच्या."

ताईंना हुंदका आवरेना.

"तिची आई मरेपर्यंत म्हणत होती, माझी पोर खोटं बोलायची नाही. दर वेळी मी तिला तुमचा कागद दाखवायचो."