कढईवर झाकलेला तवा

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. जामसांवलीला हनुमानासमोर हात जोडून उभी राहिले, तेव्हाही हे सोडून बाकी सगळं बोलले — म्हणजे देवाशीसुद्धा चलाखीच. तुम्हाला का सांगते आहे? मलाही नीट कळत नाही.

आमचं घर सौंसरचं. नागपंचमीला आमच्याकडे गॅसवर तवा चढत नाही, नागाचा फणा भाजतो म्हणतात. पुऱ्या होतात, पोळ्या नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवते. साप डूख धरत नाही, हे दरवर्षी सहावीच्या मुलांना ठासून सांगते. आणि घरी? घरी सासूबाईंपुढे मी कधी ब्र काढला नाही.

त्या नागपंचमीला सासूबाई वारुळाच्या पूजेला गेल्या होत्या. माझ्या लेकीला ज्वारीच्या लाह्या नको होत्या, पॉपकॉर्नच हवे होते. मक्याचे दाणे घरात होते. कढईत तेल तापवलं, हळद-मीठ घातलं, दाणे टाकले — आणि झाकण सापडेना. दाणे तर ताडताड उडायला लागले. मग मी तवाच उपडा घातला. चढवला कुठे, नुसता झाकला तर आहे — अशी मनाची समजूत काढली. तेवढ्यात फोन आला, मी मागच्या अंगणात गेले आणि बोलतच बसले.

करपल्याचा वास आला तशी माझी धाकटी जाऊ धावली. वंदना, रामाकोन्याची. लग्नाला वर्ष झालेलं, तिसरा महिना लागलेला. तिने गॅस बंद केला, फडक्याने तवा उचलला — आणि नेमक्या सासूबाई आल्या.

"काय करून राहिली वं? आजच्या दिवशी तवा ठेवला?"

वंदनाने माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या दारात उभी होते. मी बोलेन म्हणून ती थांबली असेल का? मी लेकीचा हात धरला आणि आतल्या खोलीत निघून गेले.

पंधरा दिवसांनी वंदनाचा गर्भ पडला. सासूबाईंनी कारण सांगितलं, साऱ्या भावकीने मान डोलावली. डॉक्टर वेगळंच सांगत होते, पण ऐकतं कोण? मी ऐकत होते. मला सगळं कळत होतं. त्यानंतर तिला मूल झालं नाही. सासूबाई होत्या तोवर नागपंचमीला तिला स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नाही. मला भीती तरी कसली होती? चार शिव्यांची. एवढीच.

सासूबाई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तरी मी गप्पच.

यंदा नागपंचमीला माझी लेक, कॉलेजातून सुट्टीवर आलेली, सहज गॅसवर तवा ठेवायला गेली. वंदनाने तिचा हात धरला.

"नको ठेवू बेटा. मी त्या साली तव्याले नुसता हात लावला होता, अन् माहं लेकरू गेलं."

मी तिथेच कणीक मळत होते. मळत राहिले.