साडेतीन किलोची फळी

दातिवऱ्याच्या अंगाला खाडी समुद्राला मिळते. ओहोटीला तिथलं पाणी मैलभर मागे सरतं आणि उरतो तो गाळ. या गाळात माणसाला चालता येत नाही. पाय मांडीपर्यंत जातो आणि तो काढताना दुसरा जातो. आमच्याकडच्या बायका त्यावरून फळीने जात. फळी म्हणजे पुरुषभर लांबीचा, दीड वीत रुंदीचा लाकडी पाट. पुढचं टोक होडीसारखं वर उचललेलं असे. एक गुडघा फळीवर गोणपाटाच्या घडीवर टेकायचा, दोन्ही हातांनी पुढची खुंटी धरायची आणि मोकळ्या पायाने गाळ मागे रेटायचा. सवयीची बाई धावत्या माणसाला मागे टाकते. पुढे पाटी, पाटीत लोखंडी आकडी. दूरच्या उंचवट्यावर शिवल्या, म्हणजे गाळातले शिंपले, उकरायच्या आणि भरतीच्या आत परत यायचं.

टेकायचा गुडघा नेहमी एकच असतो. आईचा उजवा होता. तीस वर्षांनी तो सुजला. पालघरच्या डॉक्टरांनी तो दाबून पाहिला आणि सांगितलं, वजन उचलू नका, गुडघ्यावर बसू नका. आईने विचारलं, "मंग काय करू?" तोपर्यंत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. मी पालघरला एका दैनिकाचा बातमीदार होतो. मी आईला म्हणालो, घर माझ्या पगारावर चालेल, तू आता थांब. ती म्हणाली, "घर चालंल रं. मी दिवसभर काय करू? भिंतीला टेकून बसू?"

मी फळीकडे पाहिलं.

आईची फळी गावच्या सुताराने मोडीत निघालेल्या होडीच्या लाकडातून काढली होती. बंदरावरच्या मासळीच्या काट्यावर मी ती तोलली. कोरडी अकरा किलो, भिजलेली तेरा. गाळावर वजनाचा फारसा त्रास नव्हता, तिथे फळी आईला वाहून नेई. त्रास त्याच्या आधी होता. घरातून निघून बांध चढायचा, तिवरांतून वाट काढायची आणि काठ गाठायचा, तोवर फळी खांद्यावर. येताना तीच वाट, फळी भिजलेली आणि डोक्यावर भरलेली पाटी. त्या वाटेत गुडघा जात होता. निष्कर्ष सरळ होता. फळी हलकी झाली तर आई आणखी काही वर्षं गाळावर जाईल, नाही झाली तर त्या वर्षीच थांबेल.

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत मी बातम्यांसाठी आठवड्यातून दोनदा जात असे. मोठ्या कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या शेडची एक रांग होती. तिथे फायबरची कामं चालत: टाक्यांची झाकणं, छपराचे पत्रे, स्कूटरचे मडगार्ड. एका शेडमध्ये एकच माणूस काम करी. पूर्वी तो एका कारखान्यात होता, तिथून कमी केल्यावर त्याने हे सुरू केलं होतं. उत्तरेकडचा होता, हिंदी बोले. काचेच्या धाग्यांनी त्याचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असत आणि बोलता बोलता तो ते खाजवी. मी कागदावर फळी काढून दाखवली. त्याने कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"ये चलाएगा कौन?"

"माझी आई."

त्याने कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "हल्का बोलो या मजबूत बोलो."

मी म्हणालो, हलकं.

दुसरे कारागीर बेटेगावचे दोघे भाऊ. ते देखाव्यांसाठी फायबरचे खांब आणि कमानी करत. त्यांचं काम जास्त सफाईदार होतं आणि बोलणंही. थोरल्याने विचारलं, "रंग कोणता देऊ? मावशींना आवडता सांगा." मी सांगितलं, रंग नको, रंगाचंही वजन असतं. धाकटा हसला आणि भावाला म्हणाला, "लिहून घे, दादा. गिऱ्हाईक वाण्यापेक्षा कडक आहे."

महिनाभरात दोन फळ्या झाल्या. भावांची पांढरी, काचेच्या कापडाची, सहा किलो. शेडवाल्याची काळी. त्याने भंगारवाल्याकडून कार्बनच्या कापडाचे उरलेले तुकडे मिळवले होते आणि ते एकावर एक आडवेउभे लावून राळेत बसवले होते. साडेतीन किलो. ती एका हाताने उचलता येई. शेडच्या दारात त्याने ती दोन विटांवर ठेवली आणि स्वतः मधोमध उभा राहिला. फळी वाकली, मोडली नाही. तो उतरल्यावर ती सरळ झाली.

पुढे मी जे केलं ते माझ्या धंद्याच्या सवयीने केलं. वही घेतली, तीन रकाने पाडले. लाकडी, पांढरी, काळी. लागोपाठच्या तीन दिवशी, साधारण सारख्याच ओहोटीला, आई एकेक फळी घेऊन गेली. मी बांधावर घड्याळ घेऊन उभा राहिलो. घर ते काठ, काठ ते पहिल्या जाळ्यांचे खुंट, तिथून परत. लाकडीला काठ ते खुंट बावीस मिनिटं, पांढरीला सतरा, काळीला तेरा. तळाला कालवांच्या शिंपल्यांनी पडलेले ओरखडे मी मोजले. भरलेली पाटी ठेवून फळीचं नाक किती खाली जातं ते पाहिलं. संध्याकाळी गुडघ्याचा घेर सुतळीने मापला. काळीच्या दिवशी तो सर्वांत कमी भरला.

शेजारच्या काकी आईबरोबर वीस वर्षं गाळावर जात होत्या. मी सुतळी गुंडाळत असताना त्या ओटीवर आल्या.

"वयनी, पोरगा लुगडं शिवतो का काय गुडघ्याला?"

"माप घेतो. पेपरात छापणार हाय," आई म्हणाली.

"छापू दे. फोटो माजा द्या पर. माजा गुडघा अजून बघण्यासारका हाय."

मी आईला विचारलं, तिन्हींत कोणती बरी? गावच्या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ करत ती म्हणाली, "काली पलते. पर बोलत नाय."

म्हणजे काय, ते मी विचारलं. लाकडी फळी गाळावरून जाताना खालून आवाज येतो. घट्ट गाळावर खरखर, मऊवर चपचप, आणि खाली पोकळ असेल तर एक जड, बसका आवाज. त्यावरून बाया वाट बदलतात. काळी फळी नुसती सरकत होती. मी हे वहीत लिहिलं, पण रकान्यांच्या बाहेर, पानाच्या कडेला. मोजता न आलेल्या गोष्टींची जागा तीच होती.

आणखी एक गोष्ट मी लिहिलीच नाही. ती मी लहानपणापासून पाहत आलो होतो. उंचवट्यावर पोचल्यावर बाया फळीचं तोंड गावाकडे वळवतात, एका पायाने ती गाळात दाबतात आणि तिच्याकडे पाठ करून उकरायला बसतात. फळी कुणी बांधत नाही. भरती आल्यावर सुजलेल्या बोटांनी गाठ सोडत बसायला वेळ नसतो. दाबलेली फळी आपल्या वजनाने गाळात बसते. पाणी घोट्याएवढं झालं तरी ती हलत नाही, आणि तोवर बाया उठलेल्या असतात.

काळी फळी आई दोन महिने वापरत होती. त्या दोन महिन्यांबद्दल वाईट सांगण्यासारखं काही नाही. तिचं लंगडणं कमी झालं. सर्वांत लांबच्या उंचवट्यावर, जिथे शिवल्या मोठ्या मिळतात, तिथे ती दोन वर्षं गेली नव्हती. आता ती तिथे सगळ्यांच्या आधी पोचू लागली आणि सगळ्यांच्या नंतर निघू लागली. परतायला वेळ कमी लागतो हे तिला माहीत होतं. तो आकडा मीच तिला दिला होता. जुनी फळी गोठ्याच्या भिंतीला उन्हात उभी होती. नाकापाशी ती तडकली.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी सकाळी मी पालघरला तहसील कचेरीत होतो. पुढचं सारं मी नंतर त्या वेळी गाळावर असलेल्या चार बायांना वेगवेगळं विचारून लिहून काढलं आहे. चौघींच्या सांगण्यात जेवढं जुळलं ते, आणि जे फक्त आई व काकींनाच माहीत होतं ते त्यांच्या शब्दांत, इथे देतो.

अमावास्येनंतरचं उधाण होतं आणि पश्चिमेचा वारा होता. आई लांबच्या उंचवट्यावर समुद्राकडे पाठ करून बसली होती. काकी तिच्यापासून हाकेवर. बाकीच्या तिघी निघाल्या होत्या. पहिलं पाणी नेहमी बारीक ओघळांतून येतं, नखाएवढ्या जाडीचं, आणि त्याचा आवाज होत नाही. त्याने काकींची फळी ओली केली. आईची उचलली. आईने मागे पाहिलं तेव्हा काळी फळी पंधरा-वीस पावलांवर होती आणि वाऱ्याने गावाच्या दिशेने चालली होती, जशी रोज जाई तशीच, फक्त वर कोणी नव्हतं.

मग आईने तिच्या वयाची कोणतीही बाई करणार नाही ते केलं. ती फळीच्या मागे चालत गेली. हे एवढं एकच काकींना नंतरही पटलं नाही. माझा तर्क असा, की ती फळी मी आणलेली होती.

उंचवट्याची कड संपली तिथे तिचा डावा पाय मांडीपर्यंत गेला. तो काढायला तिने सगळा भार उजव्यावर दिला आणि गुडघा आडवा फिरला. काकींनी हाक ऐकली नाही. आई ओरडलीच नव्हती. त्यांनी पाटी उचलताना सहज तिकडे पाहिलं.

काकींनी पाटी टाकली, आकडी टाकली आणि फळी तिच्याकडे वळवली. आईला काखेत धरून बाहेर काढायला किती वेळ लागला ते दोघींनाही सांगता आलं नाही. पाणी तोवर कमरेला होतं. काकींनी आईला फळीवर पालथं घातलं आणि स्वतः मागचं टोक धरून पोटावर पडून पाय मारत निघाल्या.

"गप पड वयनी. हलू नको."

"तू जा. फली एकीची हाय."

"आज दोघींची हाय. तोंड बंद ठेव, गाल जातो तोंडात."

काठावरच्या बायांनी शेवटचा टप्पा दोर टाकून ओढला. काकींच्या फळीला मधोमध चीर गेली होती, पण ती तीरावर आल्यावर दिसली.

मी दुपारी पोचलो. आई ओटीवर आडवी होती. पायावर हळदीचा लेप, केसांत वाळलेला गाळ. माझ्याकडे पाहून ती पहिलं वाक्य बोलली ते असं: "फली गेली रं. तुजी नवी फली."

गुडघ्याचं पुढे ऑपरेशन झालं. पाय वाकायचा तो राहिला. बसताना तो सरळ पुढे ठेवावा लागे. गाळाचा प्रश्न त्याबरोबर संपला. डॉक्टरांनी तो पुन्हा काढला नाही आणि आईनेही काढला नाही.

महिन्याने मी बोईसरला शेडवाल्याकडे गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. बहुधा काम पुरं झाल्याचं कळवायला. त्याने हातातलं कापड खाली ठेवलं.

"टूटी क्या?"

"नाही."

"फटी?"

"नाही. सापडली. तिवरांत अडकली होती. ओरखडादेखील नाही."

"फिर?"

मी सांगितलं. तो ऐकत होता आणि हात खाजवायचा थांबला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "तो थोडा वजन डाल देता. आपने बोला नहीं." त्याचं बरोबर होतं. मी बोललो नव्हतो.

काळी फळी परसात मासळी सुकवायच्या मांडवावर पडली. वर्षं गेली तरी ती कुजली नाही, वाकली नाही. जुनी लाकडी फळी आईने काकींना द्यायला सांगितली, त्यांची चिरलेली होती म्हणून. काकींनी ती दोन दिवस खाडीच्या पाण्यात बुडवून ठेवली. तडक मिटली.

आई त्यानंतर ओटीवर भिंतीला टेकून बसे, पाय सरळ समोर. काकी शिवल्या आणून ओतत, आई त्या उघडून मांस काढी. ओहोटीच्या वेळी ती हातातलं थांबवी. आमच्या घरापासून काठ तीनशे पावलांवर आहे. वारा इकडचा असला की फळ्या गाळावर उतरल्याचा आवाज येई. मला तो एकच वाटे, तिला वेगवेगळे ऐकू येत. एकदा मी वही घेऊन शेजारी बसलो होतो. पाच फळ्या गेल्या. सहावी जरा मागून गेली, खरखरत.

"आपली गेली," आई म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "गाल घट्ट हाय आज. लांब जाईल ती."

मग तिने पुढची शिवली उचलली. मी वही मिटली.