पाळण्यातला ग

आमच्या घरातल्या प्रत्येक बारशाला पाळणा माझी आईच म्हणायची. बाळ कुणाचंही असो, घर मुलुंडला असो की मानखुर्दला, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं की सगळ्या बायका आईकडे बघायच्या. साताऱ्याकडच्या गावातला तो पाळणा, तिला तिच्या आईकडून आलेला. इतकी बारशी झाली, पण तो एकदाही कुणी रेकॉर्ड केला नाही. फोन सगळ्यांच्या हातात, फोटो मात्र बाळाचे आणि व्हिडिओ केकचे. अक्कल बघा आमची.

मग आईच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले डॉक्टर. तेव्हा माझ्या मुलीला सातवा महिना होता. घरात आजारी माणूस, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही तिने सासरीच, कांदिवलीला राहायचं ठरलं होतं. दवाखान्यातून परत येताना रिक्षात आईने विचारलं, "पाळणा तुला येतो ना गं?"

मी म्हटलं, येतो की. शब्द येत होते. चाल म्हणायला गेले की तिसऱ्या ओळीत गाडी घसरायची.

आईचा आवाज तेव्हाच गेल्यात जमा होता. फोन समोर धरून बघितला, तर त्यात नुसती घरघर. शेवटी माळ्यावरून माझी जुनी पेटी काढली. क्लासला जात होते तेव्हाची. आई जेमतेम गुणगुणायची, मी पट्ट्या चाचपडत स्वर शोधायचे आणि मुलीसाठी मोबाइलवर टाइप करायचे. सा रे ग म तिला वाचता येतं, लहानपणी शिकलीय. अडचण कोमल, म्हणजे जरा उतरलेल्या स्वरांची. वहीत लिहिताना कोमल स्वराखाली आडवी रेघ मारतात. मोबाइलवर ती रेघ मारायची कशी?

माझ्या पेटीच्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "रेघांच्या भानगडीत पडू नकोस. वर एकदा लिही, थाट काफी. म्हणजे ग आणि नी सगळीकडे कोमल. लोकगीत आहे, चालतं."

मी लिहिलं : पट्टी काळी एक, थाट काफी. खाली ओळीने स्वर. काय नीटनेटकं दिसत होतं ते. मुलीचा लगेच मेसेज आला, "झकास, मम्मी." मला वाटलं, चला, पाळणा वाचला.

ऑपरेशन झालं. आई घरी आली ती गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. पुढे मुलगी बाळंत झाली आणि बारसं रविवारचं ठरलं. शुक्रवारी दुपारी मी हौसेने पेटी काढली आणि मेसेजमध्ये बघून आईला पाळणा म्हणून दाखवला.

दुसऱ्या ओळीलाच तिने पलंगावर थाप मारली. पाटीवर लिहिलं, "रडका झाला."

मला राग आला. "आई, तूच म्हटलास. मी तेच लिहिलंय."

तिने पुसलं, पुन्हा लिहिलं, "बाळाला रडवतेस का."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वरच्या त्या एका ओळीने पाळण्यातले सगळेच ग कोमल करून टाकले होते. आईचे सगळे ग तसे नव्हतेच. मी एकेक ग घेऊन बसले. एकदा साधा वाजवायचा, एकदा कोमल, आणि तिच्या मानेकडे बघायचं. चाल वर चढताना तिला साधा हवा होता, उतरताना कोमल. थाटाची ओळ पुसून टाकली, प्रत्येक कोमल ग आणि नीपुढे 'को' लिहीत गेले. मेसेजचा पार कचरा झाला, पण चाल हळूहळू आईची व्हायला लागली.

आणि मग 'नीज' हा शब्द आला. त्यावरचा ग. कोमल वाजवला, नाही. साधा वाजवला, नाही. तिला दोन्हींच्या मधला हवा होता, आणि पेटीला तिथे पट्टीच नाही. मी मुलीला काय टाइप करून देणार, कपाळ.

पेटी बाजूला सारली आणि गळ्याने शोधायला लागले. गॅस कमी कर सांगताना करते तशी आई बोटं फिरवत होती. थोडा खाली. नाही, इतका नाही. परत वर. "नीज, नीज" करत मीच रडायला लागले. म्हटलं, "आई, एकदा, एकदाच कसाही आवाज काढ ना गं." काय बोलून गेले ते मला नंतर कळलं.

मी डोळे पुसले आणि परत म्हटलं. या वेळी तिने मान हलवली. हो. पुन्हा म्हटलं. हो. माझा जीव भांड्यात पडला. खात्री करायला म्हणून मी मुद्दाम साधा ग लावला, मघाशी तिने नको म्हटलेला.

आई हो म्हणाली.

कोमल लावला. त्यालाही हो. ती ऐकतच नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग तिने पाटी ओढून घेतली, हाताने पुसली आणि लिहिलं, "बरोबर आहे. जेव आता."