शिट्टी मारणारा ‘स’

“तुमचं काम काय?” असं कुणी विचारलं की कवळीमामा म्हणत, “लोकांना हसायला लावतो.” समोरच्याला वाटे, माणूस नाटकात काम करत असेल. प्रत्यक्षात मामा कवळ्या बनवत. तीन दवाखान्यांतून त्यांच्याकडे जबड्यांची मापं येत. मामा त्यावरून प्लास्टरचे साचे काढत, मेणावर एकेक दात बसवत, हिरड्या कोरत आणि तयार कवळी डबीत घालून पाठवून देत. बत्तीस वर्षं हेच चाललेलं. ज्या तोंडात ती कवळी जायची ते तोंड मात्र मामांनी कधी पाहिलेलं नसे. “वऱ्हाडी जेवून जातात, आचारी चुलीपाशीच,” असं ते म्हणत, पण तक्रारीच्या सुरात नाही. आपलं काम चोख आहे हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीला लागून टेबल, टेबलावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, कोरायच्या सुऱ्या, कोपऱ्यात पॉलिश करायची मोटर. प्लास्टरची पांढरी धूळ सगळीकडे, मामांच्या भुवयांवरसुद्धा. दिवसभर हात गुंतलेले आणि कान रिकामे.

त्या रिकाम्या कानांची सोय भाचीने केली. ती कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात गेली होती. तिथे दोन मैत्रिणींबरोबर तिने कॉलेजच्या आयुष्यावर पॉडकास्ट सुरू केला आणि पहिला फोन मामाला लावला.

“मामा, ऐक ना आमचा पॉडकास्ट. आत्तापर्यंत अकराच जण ऐकतायत, त्यात तिघी आम्हीच आहोत.”

“पण म्हणजे काय असतं गं ते? रेडिओच ना?”

“रेडिओ त्याला वाटेल तेव्हा बोलतो. हा तुला वाटेल तेव्हा बोलतो आणि तू गप्प म्हणालास की गप्प बसतो.”

“अरे वा! तुझ्या मामीला ऐकवतो,” मामा म्हणाले. आतून मामी म्हणाली, “मला ऐकू आलंय.”

मामांनी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं. सतराव्या वर्षी ते काकांच्या हाताखाली या कामाला बसले. त्यामुळे कॉलेज म्हणजे सगळं येणाऱ्या हुशार लोकांचा कारखाना, अशी त्यांची समजूत होती. भाचीच्या तिसऱ्या भागात एका मुलीने सांगितलं की पहिला महिनाभर तिला वर्गात एक अक्षर कळत नव्हतं आणि ती नुसती मान हलवत होती. चौथ्या भागात कळलं की सगळेच मान हलवत होते. मामा इतके हसले की हातातला दात मेणात तिरका बसला.

मग त्यांना चटकच लागली. फोन पुढचं पुढचं सुचवत गेला. दोन भाऊ मिळून यंत्रांविषयी बोलत, तो पॉडकास्ट त्यांना सापडला. त्यात एकदा तोंडाचं छायाचित्र घेऊन थेट दात छापणाऱ्या यंत्राची माहिती होती. खालच्या दुकानदाराने लगेच हळहळ व्यक्त केली, “मामा, तुमचं आता कसं हो व्हायचं?” मामांनी तो भाग तीनदा ऐकला आणि म्हणाले, “चांगलं यंत्र आहे. मला त्याचा उपयोग होईल.” दुकानदाराला हे उत्तर उलटं वाटलं. मामांना नाही वाटलं. त्याच भावांकडून त्यांना हेही कळलं की आवाजाचं चित्र फोनवर काढता येतं, जाड आवाज खाली, बारीक आवाज वर. मामांनी ते अ‍ॅप घेतलं आणि दोन दिवस मोटरचा, कुकरचा आणि मामीचा आवाज कसा दिसतो ते बघत बसले.

पण त्यांचा खरा जीव जडला तो तिसऱ्या पॉडकास्टवर. एक निवृत्त मोजणीदार तो करत होते. पस्तीस वर्षं जमिनी मोजायची साखळी घेऊन त्यांनी आजूबाजूचं सगळं खोरं पायाखाली घातलं होतं. मिठाची वाहतूक ज्या वाटेने व्हायची ती वाट, पुराने नदी सरकल्यावर दुसऱ्या काठावर जाऊन पडलेलं गाव, कुणीतरी हळूच सरकवलेले हद्दीचे दगड, असा इतिहास ते सांगत. राजांची नावं कमी, माणसांची भांडणं जास्त. मामा कानात प्राण आणून ऐकत. ज्या पुलावरून ते जन्मभर गेले, त्या पुलाच्या जागी आधी होडी होती आणि होडीवाली एक विधवा बाई होती, हे त्यांना या वयात कळलं.

दहाव्या भागापासून मात्र मामांचा एक कान गोष्टीत आणि दुसरा भलतीकडे जायला लागला. मोजणीदारांचा ‘स’ शिट्टी मारत होता. ‘सरहद्द’ म्हटलं की बारीक शिट्टी, ‘साखळी’ म्हटलं की शिट्टी. शिवाय मधूनच टक, टक. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, माइक खराब आहे. मामांनी हातातली सुरी खाली ठेवली. “वरची कवळी,” ते स्वतःशीच म्हणाले, “आणि चावा उंच झालाय, बोलताना दातांवर दात आपटतायत.”

हे बाकीच्यांनाही ऐकू जात होतं. प्रत्येक भागाखाली लोकांचे शेरे वाढायला लागले. ‘आजोबा, आधी दात आवळा.’ ‘इतिहास की प्रेशर कुकर?’ एकेचाळिसाव्या भागाच्या शेवटी मोजणीदार म्हणाले, “सध्या इथे थांबू. माझी जीभ आता साथ देत नाही.” ‘सध्या’ आणि ‘साथ’, दोन्ही शब्दांवर शिट्टी वाजली.

मामा अस्वस्थ झाले. “जिभेचा काय दोष यात?” त्यांनी मामीला विचारलं.

“मला काय विचारता? त्यांना विचारा.”

जुने नकाशे कुणाकडे असतील तर कळवा, म्हणून मोजणीदार दर भागात आपला नंबर सांगत. मामांनी तो लावला.

“नमस्कार. मी कवळ्या बनवतो. तुमचे एकेचाळीस भाग ऐकलेत. तुमचे दात...”

“खोऱ्याविषयी काही विचारायचं असेल तर विचारा,” पलीकडून आवाज कडक झाला. “दात माझे आहेत, माझं मी बघेन.”

“तेच सांगतोय साहेब, ते तुमचे नाहीत. कुणीतरी बनवलेत आणि त्याच्या हातून चूक झालीय.”

मग मोजणीदार हळूच म्हणाले, “म्हणजे हे माझ्या वयामुळे नाही?”

“अजिबात नाही. बुधवारी या. दवाखान्याचा पत्ता देतो.”

ज्या डॉक्टरीणबाईंचं काम मामा करत, त्यांना त्यांनी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. तपासणं त्यांचं काम, मामांचं नव्हे. बुधवारी मामा प्लास्टरची धूळ झटकून, इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात गेले. रुग्णाच्या खुर्चीच्या इतक्या जवळ ते बत्तीस वर्षांत प्रथमच उभे राहत होते. मोजणीदार आले. उंच, सडपातळ, आवाजावरून वाटलं होतं त्याहून लाजाळू. डॉक्टरीणबाईंनी दात मिटायला लावून चाव्याचं माप घेतलं, मग कवळी काढून, धुऊन मामांच्या हातात दिली.

मामांनी ती उजेडात धरली. दातांच्या मुळाशी हिरडीचा भाग कोरताना प्रत्येक कारागिराची एक ढब असते, जसं माणसाचं अक्षर. सुळ्याच्या वरचा तो हलका फुगवटा, तो छोटा उतार... मामांना ते अक्षर ओळखायला क्षणसुद्धा लागला नाही.

“ही तुम्हाला कुठे मिळाली?”

मोजणीदारांनी शेजारच्या गावातल्या एका दवाखान्याचं नाव घेतलं. तिथल्या डॉक्टरांनी निवृत्त होऊन दवाखाना बंद केला होता. तो चालू होता तोवर त्यांचंही काम मामांकडेच यायचं.

मामा खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसले. “साहेब, फोनवर मी कुणीतरी म्हणालो ना? तो मीच.”

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्या म्हणाल्या, “मामा, हिरड्या झिजल्या की असं होतंच. चार-पाच वर्षं झालीत.”

मामांना वाट मिळाली होती. हळूच निसटून जाता आलं असतं. पण त्यांनी नकारार्थी मान हलवली. “हिरड्या झिजल्यात, खरं आहे. त्याने कवळी सैल होते. ही टकटक त्याची नाही. चावा मी दीड मिलिमीटर उंच ठेवलाय. आणि पुढच्या दातांमागे जिभेला वाट नीट दिलेली नाही. चूक माझी आहे आणि ती मीच दुरुस्त करणार.”

मोजणीदार तोंडात दात नसताना बोलायला संकोचत होते, तरी बोलले. शब्द पसरट आले, पण अर्थ स्वच्छ होता. “दीड मिलिमीटर? आमच्या मोजणीत तेवढ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेत.” मग मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “पस्तीस वर्षांत चुकीचं माप कबूल करणारा एकच माणूस मला भेटला होता. तुम्ही दुसरे.”

नवी मापं घेतली. आठवड्याने मामा मेणावर दात लावून परत आले. एरवी ही चाचणी डॉक्टरीणबाईच करत, रुग्णाला एक ते दहा मोजायला लावून. मामा म्हणाले, “आज आकडे नकोत. साहेब, मिठाच्या वाटेचा भाग म्हणा.” आणि फोनवर आवाजाचं चित्र काढणारं अ‍ॅप सुरू केलं.

मोजणीदार सांगायला लागले. पडद्यावर प्रत्येक ‘स’ला वरच्या बाजूला एक बारीक, टोकदार रेघ उठत होती. तीच शिट्टी. मामा कवळी हातात घेत, टाळूच्या भागावर केसाएवढं मेण चढवत, कधी खरवडत, आणि परत देत. दुसऱ्यांदा शिट्टी उरली, टकटक गेली. तिसऱ्यांदा ‘स’चा चक्क ‘श’ झाला आणि मिठाची वाट ‘शरळ शमुद्राकडे’ जायला लागली. डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, मोजणीदारांनाही. बाहेर थांबलेल्या रुग्णाने दार उघडून आत डोकावून पाहिलं, की दातांच्या दवाखान्यात एवढं हसण्यासारखं काय चाललंय.

पाचव्या वेळी ती टोकदार रेघ नाहीशी झाली. त्या जागी ‘स’ला असतो तसा रुंद, मऊ डाग दिसला. पण कुणी पडद्याकडे बघितलं नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं.

मोजणीदार थांबले. “साखळी,” ते म्हणाले. मग पुन्हा, “साखळी.” मग ‘सरहद्द’, ‘सासर’, ‘सोसायटी’, सुचतील तेवढे शब्द. शेवटी त्यांनी आपल्या बायकोचं नाव घेतलं, तेही ‘स’वरूनच होतं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. मामा मेणाची सुरी पुसत राहिले.

बेचाळिसावा भाग महिन्याभराने आला. सुरुवातीलाच मोजणीदारांनी सगळा प्रकार सांगून टाकला, शेरे मारणाऱ्यांचेही आभार मानले आणि मग होडीवाल्या बाईची उरलेली गोष्ट सुरू केली. भाचीचा लगेच फोन.

“मामा! आमच्या हॉस्टेलवर सगळ्या ऐकतायत. तू आमच्या पॉडकास्टवर ये ना. विषय आहे, कॉलेज न करता शिकलेली माणसं.”

“येईन की. किती बोलू?”

“अर्धा तास. घाबरू नकोस.”

“घाबरायचं कशाला? मान हलवणाऱ्या पोरींसमोर तर बोलायचंय.”

मामा तासभर बोलले. भाचीने त्यातलं एक वाक्यही कापलं नाही. दंतवैद्यकाच्या एका कॉलेजातून नंतर बोलावणं आलं, तेव्हा मामांनी प्लास्टरची पिशवी आणि दिवा सोबत नेला आणि चाळीस मुलांकडून मेणावर दात बसवून घेतले. सदतीस जणांचे वाकडे बसले. “उत्तम,” मामा म्हणाले, “माझे पहिले दोनशे असेच होते.”

आता तिन्ही दवाखान्यांतून मापांबरोबर रुग्णाच्या आवाजाची ध्वनिफीतही येते. ही अट मामांनी घातली. एका डॉक्टरांनी आधी कुरकुर केली, मग परत येणाऱ्या कवळ्या कमी झाल्यावर तेही गप्प झाले. मामा काम हातात घेण्याआधी माणूस ऐकतात. कुणी भराभर बोलतं, कुणी शब्द चावतं, कुणाचा ‘च’ जिभेच्या टोकावर असतो.

परवा एका आजींची ध्वनिफीत आली. डॉक्टरीणबाई त्यांना काहीतरी वाचायला सांगत होत्या. आजी म्हणाल्या, “मला कुठलं वाचायला येतंय? गाणं म्हणते.” आणि बोळक्या तोंडाने त्यांनी दळणाचं एक लांबलचक गाणं सुरू केलं. पहिल्या कडव्यानंतर कुणीतरी त्यांना थांबवलं. मामांनी ते दोनदा ऐकलं, डॉक्टरीणबाईंना निरोप पाठवला, “दात पुढच्या सोमवारी लावून बघू. आणि आजींना सांगा, पुढची कडवी राखून ठेवा, मी स्वतः येतोय,” आणि स्पिरिटचा दिवा पेटवला.